आधी खराटा, मग कीर्तन

तुमच्या ग्रुपमध्येही एक जण असेलच, आपली स्टीलची बाटली मिरवत दुसऱ्याच्या प्लॅस्टिकवर लेक्चर झाडणारा. कदाचित तो तुम्हीच असाल! मग गाडगेबाबांना एकदा भेटाच.

१८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेला हा डेबूजी. शाळा नाही, लहानपणापासून शेतात राबणं. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, हातात खराटा. गावात पोचले की घाण कुणाची हे न विचारता थेट झाडायला सुरुवात. बघताबघता गावकरीही हात लावायचे.

रात्री कीर्तन. दारू, पशुबळी, कर्ज काढून केलेले सण यांवर बाबा सडकून बोलायचे. पण लोकांनाच प्रश्न विचारून, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. लोक ऐकायचे, कारण हा माणूस दिवसभर त्यांचंच गाव झाडताना दिसलेला असायचा. देणग्यांतून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या अंगावर चिंध्याच राहिल्या. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले.

पुढच्या फेस्टनंतर ग्राउंडवर कप दिसले, तर कोणी टाकले ते शोधत बसू नका. पहिला तुम्ही उचला. बोलायचं नंतर बघू!