उत्तर देणारे यशवंतराव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सोबत एक ताकीदही होती: राजकारणावर लिहू नकोस, आठवणी लिही. आठवणी लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगल्या लिहितील. मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्यात आपण कराडकर. तेव्हा मी यशवंतराव चव्हाणांवर लिहिणार हे मंडळाला आधीच कळायला हवं होतं. मात्र महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, जिल्हा परिषदा, सहकार हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं आहे. मला लिहायचंय ते लोकसभेत उभं राहून उत्तरं देणाऱ्या संरक्षणमंत्र्याबद्दल. जुन्या अकरावीच्या नागरिकशास्त्रात तो भाग नव्हता.

थोडं आधीचं सांगते. १२ मार्च १९१३ला देवराष्ट्रे गावी आजोळी जन्म. वडील कोर्टात बेलिफ होते, ते प्लेगात गेले. विठाईंनी कराडात मुलं वाढवली. टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९३२ साली शाळेच्या आवारातल्या झाडावर तिरंगा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यामुळे मॅट्रिक लांबलं. पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याला वकिलीची परीक्षा, १९४२चं भूमिगत काम, १९४६ला मुंबई विधानसभा. हे सगळं त्यांनी स्वतः ‘कृष्णाकाठ’मध्ये फार सुंदर सांगितलं आहे, मी काय सांगू.

पण एक गोष्ट तिथे येत नाही, कारण ती पुढची आहे. १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्यासमोर जे विरोधक बसले, तसे विरोधक फार थोड्या मुख्यमंत्र्यांच्या वाट्याला आले असतील. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं होतं. एस. एम. जोशी होते, आचार्य अत्रे होते. अत्र्यांचा मारा तीन वर्षं रोज सोसायचा, त्यांना उत्तर द्यायचं आणि संध्याकाळी माणूस म्हणून त्यांच्याशी संबंधही राखायचे, ही तालीम त्यांना दिल्लीत कामी आली असं माझं मत आहे.

दिल्लीला ते कसे गेले हे सर्वांना माहीत आहे. सह्याद्री आणि हिमालयाचं ते वाक्य आपण भाषणस्पर्धांमध्ये झिजवून टाकलं. त्या वाक्यात एक गोष्ट हरवते. २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला, महिन्याभरात से ला आणि बोमडिला पडलं, कृष्ण मेनन गेले, लष्करप्रमुख थापर गेले. २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. म्हणजे लढाई लढायला गेलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात आलं ते हरलेल्या लढाईचं उत्तरदायित्व. आणि ते उत्तर मागायला संसद टपून बसली होती.

टपून बसायला कारणही होतं. चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला १९५७ साली. लोकसभेला तो कळला ऑगस्ट १९५९मध्ये, तोही सभासदांनी प्रश्नांचा तगादा लावला तेव्हा. त्यानंतर नेहरूंनी पत्रव्यवहाराच्या श्वेतपत्रिका काढायला सुरुवात केली. त्याच सुमारास लष्करप्रमुख थिमय्या यांनी मेननना कंटाळून राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. २ सप्टेंबर १९५९ला नेहरूंनी लोकसभेत मेनन यांची पाठराखण केली आणि थिमय्यांना चार शब्द सुनावले. सैन्यात सगळं आलबेल नाही हे त्या दिवशी सभागृहाला दिसलं होतं. ते धरून पुढे कोणी खणलं नाही. ही तारीख लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात घ्यायला हवं. आज संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, पण ती १९९३पासून. तेव्हा सभासदाच्या हातात होतं ते एवढंच: प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची चर्चा, लोकलेखा आणि अंदाज समित्यांचे अहवाल. बंद दाराआड कागद पाहून सरकारला खोदून विचारणारी सभासदांची वेगळी समिती संरक्षणासाठी नव्हती. मंत्री सभागृहात जे सांगेल ते, आणि तो जे सांगणार नाही ते सरकारी कपाटात.

नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे सोपवली. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले प्रेमिंद्रसिंग भगत. तपासायच्या गोष्टी पाच: प्रशिक्षण, सामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची आपल्या माणसांवरची पकड. यादी पुन्हा वाचा. त्यात पंतप्रधान नाहीत, संरक्षणमंत्री नाहीत, मंत्रिमंडळ नाही. चौक्या पुढे नेण्याचं धोरण कोणी ठरवलं, हा प्रश्नच चौकशीत नव्हता. यशवंतरावांचे त्या वेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे लिहिलं आहे की, समिती आपली कक्षा ओलांडून नेहरू आणि मेनन यांच्यापर्यंत जाईल की काय, हीच साहेबांची त्या महिन्यांतली मोठी काळजी होती.

अहवाल १९६३च्या मे महिन्यात तयार झाला. त्या वर्षी पोटनिवडणुकांतून तीन माणसं लोकसभेत आली होती: अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादहून राममनोहर लोहिया, राजकोटहून मिनू मसानी. आपल्या राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै तिथे आधीपासून होतेच. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारतातला तो पहिला. चार दिवस चर्चा झाली, ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मतं पडली. आकड्यांत सरकारला काहीच धोका नव्हता. पण अहवाल पटलावर ठेवा ही मागणी मतांनी फेटाळता येण्यासारखी नव्हती.

मग आला २ सप्टेंबर १९६३. थिमय्या प्रकरणातल्या त्या निवेदनाला बरोबर चार वर्षं. यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केलं. अहवाल प्रसिद्ध करणार नाही, त्याची काटछाट केलेली आवृत्तीही देता येणार नाही, त्याने सुरक्षिततेला बाधा येईल, सीमेवर उभ्या असलेल्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हे त्यांनी स्पष्ट केलं. आणि मग निष्कर्ष सांगितले.

हे निवेदन मी वर्गात दर वर्षी वाचायला देत असे. मुलांना वाटायचं सरकारी भाषा असेल, गुळगुळीत. तशी ती आहेही. पण आत काय आहे ते पाहा. मूळ प्रशिक्षण ठीक होतं, पण चीनशी डोंगरात लढायची वेळ येईल या बेताने ते दिलेलं नव्हतं. सामग्रीची एकूणच टंचाई होती. जी देशात होती ती पुढे पोचवायची तर विमान, खेचर नाहीतर हमाल. गाड्या जुन्या, चढाला न चालणाऱ्या. उंचीची सवय नसलेल्या पलटणी घाईने वर चढवल्या गेल्या. हुकमाची साखळी मुळात ठीक होती, मात्र ती ओलांडली गेली तिथे घोटाळा झाला. वरच्या पातळीवरून खालच्या तुकड्या कुठे ठेवायच्या यातसुद्धा ढवळाढवळ झाली. गुप्त माहिती मिळवण्याचं काम समाधानकारक नव्हतं, मिळाली तिचा अर्थ नीट लागला नाही, आणि लागला तो खाली वेळेवर पोचला नाही. कनिष्ठ अधिकारी बऱ्यापैकी टिकले. उणिवा जास्त दिसल्या त्या ब्रिगेडच्या वरच्या पातळीवर. आणि कितीही मोठं सैन्य असलं तरी त्याला धोरणाची दिशा सरकारकडूनच मिळावी लागते, हेही त्यांनी सांगून टाकलं.

शेवटचं वाक्य फार जपून ठेवलेलं आहे. दिशा मिळाली होती की नाही, हे त्यात नाही. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

वर्गात दर वर्षी दोन तट पडत. एक म्हणे, पराभवानंतर दहा महिन्यांत इतकं कबूल करणारा मंत्री दाखवा. दुसरा म्हणे, जवान आणि सेनापती यांच्या चुका सांगितल्या, ज्यांनी त्यांना तिथे पाठवलं त्यांना वाचवलं. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे, पण वजन मी दुसऱ्या बाजूला थोडं जास्त टाकते. सैन्य दुरुस्त करायला जे लागतं ते त्यांनी सभागृहाला दिलं. सरकारचा न्याय करायला जे लागतं ते दिलं नाही. त्या वेळी नेहरूंना वाचवणं म्हणजे सरकार आणि सैन्य दोन्ही सावरणं, असा त्यांचा हिशोब होता आणि तो खोटा नव्हता. पण तात्पुरती म्हणून ओढलेली चादर तशीच राहिली. २०१०मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेला पुन्हा तेच उत्तर दिलं, मजकूर आजही संवेदनशील आहे. २०१४ला नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा बराच भाग स्वतःच जगापुढे ठेवला, तरी सरकारने अधिकृतपणे तो खुला केला नाही. सभासदांच्या दोन पिढ्या तो मागत राहिल्या. यशवंतरावांचं निवेदन हेच त्यांच्या हातातलं अधिकृत असं काय ते.

एवढं म्हणून झाल्यावर त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर कराडात मला कोणी उभं करणार नाही. निवेदन करून ते मोकळे झाले नाहीत. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर सकाळची बैठक हा त्यांनी पायंडाच पाडला. मेनन यांच्या काळात सेनापती आणि मंत्री एकमेकांशी धड बोलत नव्हते, त्यावर हा साधा इलाज होता. १९६३-६४च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ८६७ कोटी रुपये होते, आदल्या वर्षीच्या मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. पुढे पाच वर्षांची संरक्षण योजना आली: सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. हे आकडे संसदेपुढे उघडपणे ठेवलेले होते. ते वाचून कोणीही सभासद पुढच्या वर्षी विचारू शकत होता, कुठवर आलं? आधी लक्ष्यच माहीत नसे, तर विचारणार काय.

१९६५ला कसोटी लागली. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे आले, आणि काही मिनिटांत विमानं वापरायची परवानगी मिळाली. तीन वर्षांपूर्वी हवाई दल लढाईत उतरवलंच नव्हतं. ६ सप्टेंबरला आपल्या फौजांनी लाहोरच्या रोखाने सीमा ओलांडली, आणि त्याच दिवशी यशवंतरावांनी लोकसभेला ते सांगितलं. सभागृहाने डोक्यावर घेतलं. पण हाजीपीर खिंड ताश्कंदमध्ये परत देऊन आल्यावर त्याच सभागृहात टीकाही ऐकावी लागली, तीही शास्त्रीजी हयात नसताना.

पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती आली. ती सगळी इथे लिहीत नाही. गृहखात्यावर लिहायला बसले तर वेगळी स्मरणिका काढावी लागेल. मला रस आहे तो १९७७मध्ये. काँग्रेस हरली आणि यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्या पदाला वेतन आणि मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. चौदा वर्षं उत्तर देणारा माणूस आता प्रश्न विचारायच्या बाकावर आला. जुलै १९७९ला त्यांनीच मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि मतदान होण्याआधी मोरारजींनी राजीनामा दिला. कृपलानींचा ठराव समोर बसून ऐकलेल्या मंत्र्याच्या हातून हे घडावं, याची गंमत वाटते. पण त्या बाकावर बसूनही त्यांनी १९६२चा अहवाल मागितल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१ जून १९८३ला वेणूताई गेल्या. त्यानंतर ते खचले असं त्यांना पाहिलेले सगळे सांगतात. २५ नोव्हेंबर १९८४ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, आणि अंत्यसंस्कार आपल्या कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. त्याच वर्षी ‘कृष्णाकाठ’ आलं होतं. ते १९४६पर्यंत येऊन थांबतं. पुढचे खंड, मुंबईचा आणि दिल्लीचा, त्यांच्या मनात होते. १९६५च्या युद्धाची त्यांची रोजनिशी पुढे प्रधानांनी संपादित करून छापली, ती मिळाली तर जरूर वाचा. नोव्हेंबर १९६२ ते सप्टेंबर १९६३ या दहा महिन्यांबद्दल त्यांच्या हातचं मराठी पुस्तक मात्र झालं नाही.