राजाची हरणं आणि रिकामी पिशवी

मैत्रिणींनो, लग्नाला वर्ष झालं की सुनेच्या पोटाकडे वळणाऱ्या नजरा आपल्या बुलढाण्यात मी नेहमी बघते. तेव्हा मला विल्यम हार्वे आठवतात.

इंग्लंडमध्ये १५७८ साली जन्मलेले हार्वे इटलीतल्या पदुआला डॉक्टर झाले. रक्त शरीरभर फिरतं, हे त्यांनी १६२८ मध्ये दाखवून दिलं. पुढे ते राजाचे वैद्य होते. १६३४ मध्ये चेटकीण ठरवलेल्या बायकांना त्यांनी सुईणींकरवी तपासलं आणि अंगावर अनैसर्गिक काही नाही, असा निर्वाळा दिला.

त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण जन्माचं कोडं काही सोडेना. राजाने शिकार केलेल्या हरिणी ते माजानंतर तपासत. कित्येक आठवडे पिशवी रिकामीच! नराचं बीज आत पोचतच नाही, असं त्यांना वाटलं. १६५१ च्या पुस्तकात तसं लिहिलं आणि १६५७ मध्ये ते वारले. गर्भ होता, पण इवलासा.

पुढे १८५४ मध्ये बिशॉफ यांनी रो जातीच्या हरणाचं नवल उलगडलं. जुलै-ऑगस्टमध्ये राहिलेला गर्भ डिसेंबर-जानेवारीपर्यंत जवळजवळ थांबतो. आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत ना, त्यांच्या बऱ्याच भाऊबंदांतही असंच होतं. उंदरांवरच्या अभ्यासातून कळलं, की हा लगाम गर्भाशयाच्या हाती असतो. हार्मोनचा इशारा मिळून ते तयार झालं, की गर्भ जागा होऊन रुजतो.

बाईमाणसात असं थांबणं सिद्ध झालेलं नाही. म्हणून वाट बघत बसू नका, तपासणी करा, तीही दोघांची. पिशवी उघडून बघणारे हार्वेसुद्धा फसले. मग आपण नुसतं वरून बघून कुणाला वांझ कसं म्हणायचं?