इरावती कर्वे आणि नात्यांचे शब्द

सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणणारी सून आपण घरात, निदान जुन्या कादंबरीत भेटलेली असेल. नवऱ्याची आई ही आत्या कशी? अशा प्रश्नांना शास्त्राची बैठक दिली ती इरावती कर्वे यांनी.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. नाव तेथील इरावती नदीवरून ठेवलेले. शिक्षण पुण्यात, मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली, डॉक्टरेट बर्लिनची. महर्षी कर्वे यांच्या त्या सून. १९३९पासून त्यांनी डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. ‘युगान्त’मुळे त्या घरोघरी पोचल्या, परंतु भाषेच्या अभ्यासकाने त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरील १९५३चा इंग्रजी ग्रंथ आधी उघडावा, असे माझे मत आहे.

या ग्रंथात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून प्रत्येक भाषेतील नातेवाचक शब्द तपासले. उत्तरेत मुलगी परक्यांच्या घरी पडते. दक्षिणेत बहुधा ओळखीच्या नातलगांत जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर आहे, आणि तो सांधा आपल्या शब्दांत दिसतो. दीर, नणंद, जाऊ, सासू हे शब्द संस्कृत देवर, ननांदृ, यातृ, श्वश्रू यांपासून आले. मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण; स्वीडिश भाषेतील ‘मोस्टर’ हा शब्दही अगदी असाच घडलेला आहे. त्या भाषेत वडिलांची बहीण ‘फास्टर’, संस्कृतात पितृष्वसा. प्रमाण मराठीने मात्र येथे संस्कृताची वाट सोडली आणि ‘आत्या’ हा शब्द स्वीकारला. कन्नडमधील ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही!

याचे कारण विवाहपद्धतीत आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत होती. अशा लग्नात वधूची सासू खरोखरच तिची आत्या असते, आणि आत्याच्या यजमानांना पुष्कळ मराठी घरांत ‘मामा’च म्हणतात. पुढे हे शब्द ज्या घरांत असे लग्न कधी झाले नाही तेथेही रुळले. परक्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीला निदान संबोधन तरी माहेरचे मिळाले.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी निवर्तल्या. पुस्तकांइतकाच त्यांचा भर प्रत्यक्ष भटकंतीवर असे. आपण वरळीत राहत असाल, तर कोळीवाड्यातील दोन आणि बीडीडी चाळीतील दोन घरांत आत्याच्या यजमानांना काय म्हणतात ते विचारून वहीत नोंदवा. घराण्याचे मूळ गावही शेजारी लिहावे.