टनब्रिज वेल्सचे पाळक थॉमस बेझ

एखाद्या संस्थेतील नव्या पद्धतीचा खरोखर उपयोग झाला की नाही, हे ठरवताना व्यवस्थापनशास्त्राचे अनेक अभ्यासक आज ज्या गणिताचा आधार घेतात, त्याला एका पाळकाचे नाव आहे, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

थॉमस बेझ यांचा जन्म १७०१ च्या सुमारास झाला. वडील जोशुआ बेझ हे लंडनमध्ये प्रेस्बिटेरियन पाळक होते. राजमान्य मंडळीबाहेरच्यांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या पदव्या मिळत नसत. म्हणून थॉमस १७१९ मध्ये एडिंबरोला गेले व तेथे तर्कशास्त्र आणि ईश्वरविज्ञान शिकले. पुढे टनब्रिज वेल्स येथील मंडळीची सेवा त्यांनी १७५२ पर्यंत केली. न्यूटनच्या गणितावर बिशप बर्कली यांनी केलेल्या टीकेला त्यांनी १७३६ मध्ये पुस्तिकेद्वारे उत्तर दिले, पण तिच्यावर स्वतःचे नाव घातले नाही. १७४२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१७६१ च्या एप्रिलमध्ये ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांचे कागद आप्तांनी रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकाकडे दिले. त्यांत शक्यतेच्या गणितावरील एक अप्रकाशित निबंध होता. प्राइस यांनी तो परिश्रमपूर्वक सिद्ध केला आणि २३ डिसेंबर १७६३ रोजी तो रॉयल सोसायटीत वाचला गेला. हस्तलिखितांत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्या भाषांतरकाराला येथे बेझ यांच्याइतकेच प्राइसही थोर वाटतात.

निबंधाचा गाभा असा: आधीची समजूत आणि नवा पुरावा यांची सांगड घालून समजूत किती बदलावी, हे मोजता येते. समजा, एका संस्थेने दहा शाखांत कर्मचाऱ्यांना नवे प्रशिक्षण दिले आणि सात शाखांचे काम सुधारले. एवढेच पाहिले तर यश मोठे दिसते. परंतु तशाच प्रशिक्षणाने पूर्वी वीस शाखांपैकी आठच सुधारल्या होत्या. जुना अनुभव नव्याइतकाच लागू मानला, तर एकूण तीसपैकी पंधरा; म्हणजे पुढच्या शाखेत यशाची शक्यता निम्मीच. जुन्या अनुभवाचे वजन कमी धरता येते, मात्र किती कमी धरले हे अभ्यासकाला उघडपणे सांगावे लागते. आधीच्या समजुतीत मनाचा कल शिरतो, असा आक्षेप या पद्धतीवर घेतात. कल तर इतर पद्धतींतही असतो. तेथे तो झाकलेला राहतो, एवढेच. अशा निष्कर्षांवर माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात, तेव्हा हा भेद लहान नव्हे.

व्यापारी निर्णयांसाठी ही रीत हार्वर्डच्या रॉबर्ट श्लायफर यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. बेझ यांनी मात्र संस्था किंवा व्यापार यांचा विचार केला नव्हता. त्यांच्यापुढे होते एक सपाट टेबल, त्यावर टाकलेला चेंडू, आणि तो कोठे थांबला असेल हा प्रश्न. ईश्वराच्या अस्तित्वाच्या युक्तिवादाशी या गणिताचा संबंध जोडला तो प्राइस यांनी. बेझ यांनी देवाचे अस्तित्व गणिताने सिद्ध केले, असे काही उत्साही प्रवचनकार सांगतात, ते खरे नाही. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये, जेथे जॉन बनियन यांचीही कबर आहे, तेथे बेझ विसावले आहेत.