वर्ध्याचा क्रांतिकारक, मेक्सिकोचा मका

मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे एक रानटी गवत उगवते. लांबून ते मक्याचेच झाड वाटते. कणीस हातात घेतले की फरक कळतो. बोटाएवढ्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा टणक कवचात बंद. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने याच गवतापासून मका घडवला. गेल्या शतकात या गवताचा मक्याशी पुन्हा संकर करून पाहणाऱ्यांत आपल्या वर्ध्याचा एक माणूस होता, डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे शाळकरी वयाचे असताना मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. दुष्काळात माणसे नुसत्या भुकेने मरत नाहीत. अन्नावाचून खंगलेल्या शरीरावर हगवण, पटकी, हिवताप तुटून पडतात. पुढे शेतीशास्त्र शिकायला ते जपानमार्गे अमेरिकेत गेले. तिथे १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत ते होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची दारे बंद झाल्यावर १९२४ साली त्यांनी मेक्सिको गाठले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती झालेली. कसणाऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण त्यांतून पोटापुरते पिकवायचे कसे, हा प्रश्न उरलाच होता. खानखोजे यांनी गहू आणि मक्याच्या वाणांवर काम सुरू केले. टिओसिंटे आणि मक्याचा संकर हा त्यातलाच एक प्रयोग.

रानटी झाडाकडे वळायचे कारण काय? टिओसिंटेला पाणी आणि मोकळी जागा द्या, त्याला भरपूर फुटवे येतात आणि एकेका झाडावर शंभरावर कणसे धरतात. दाणे नुसते मोजले, तर ते मक्याला मागे टाकू शकते. पण दाणा अगदी हलका, कवच खाण्याजोगे नाही आणि पिकताच कणीस तुटून दाणे मातीत विखुरतात. पाणी वाढवल्याने दाणे वाढतात, गळती थांबत नाही. म्हणून झाडावर किती धरले यापेक्षा घरात किती आले, हेच खरे उत्पन्न. मक्याच्या कणसात शेकडो दाणे असतात आणि ते कापणीपर्यंत जागचे हलत नाहीत. मात्र रानटी दाण्यात प्रथिने मक्याच्या जवळपास दुप्पट आणि झाडात काटकपणाही असतो. हे गुण मक्यात उतरवता येतील का, हे पाहायचे तर संकर करावा लागतो.

खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळाही काढल्या. त्यांच्या मक्याची छायाचित्रे टीना मोदोत्ती यांनी टिपली, तर दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या चित्रात, खानखोजे यांनाच रंगवले.

डॉक्टर म्हणून मला इथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या गरिबांना त्यामुळे पेलाग्रा व्हायचा. त्वचा काळवंडायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. मेक्सिकोतल्या बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात उकळून मगच वाटत आल्या आहेत. त्या चुन्यामुळे नायसिन मोकळे होते. पीक भरघोस आले तरी पोषणाचे काम असे स्वयंपाकघरातच पुरे होते.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. आजही पिकांवर नवा रोग आला की शास्त्रज्ञ त्यांच्या रानटी भाऊबंदांकडे वळतात. आपण मात्र बांधावरचे गवत तण म्हणून जाळतो. ते जाळण्याआधी वर्ध्याच्या या माणसाची आठवण व्हावी.