डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी इतिहासाच्या तासास इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. शाळेच्या वाचनालयातील वर्तमानपत्रात त्याने एक छायाचित्र पाहिले होते. दूरदेशी चाललेल्या नरसंहाराकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून कोण्या मोठ्या शहरात जाहीर सभा भरली होती, आणि हाती फलक घेतलेली शेकडो माणसे भर पावसात उभी होती. त्याचा प्रश्न असा की, मरणारी माणसे हजारो कोसांवर, मारणारांस ही सभा ठाऊकही नाही, मग तिकडे भिजत उभे राहून कोणाचा जीव वाचला? वर्गात हशा पिकला. तितक्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली, हे आम्ही प्रांजलपणे कबूल करतो. कारण आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्या दिवसापासून एका सोलापूरकराचे चरित्र मनात घोळत राहिले. तेच येथे विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सादर करीत आहो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ, मिळकत बेताची. मुंबईस परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व डॉक्टरीची पदवी मिळविली. पुढे पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालली होती. ती उत्तीर्ण व्हावी, गावी किंवा मुंबईस दवाखाना थाटावा, भावंडांच्या शिक्षणास व बहिणींच्या लग्नास हातभार लावावा, अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असल्यास तीत वावगे काहीच नव्हते. येथपर्यंतचे आयुष्य इतर शेकडो हुशार मुलांसारखेच आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

आता नकाशावर नजर पूर्वेकडे न्यावी. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड आक्रमण आरंभिले. त्याच वर्षाच्या १३ डिसेंबरास जपानी सैन्य त्या वेळची राजधानी नानकिंग हीत शिरले. पुढील सुमारे सहा आठवडे त्या नगरात जे घडले ते शाळेच्या अंकात सविस्तर लिहवत नाही. शरण आलेले शिपाई, वृद्ध, स्त्रिया, मुले यांची सरसकट कत्तल झाली. महायुद्धानंतर तोकियो येथे बसलेल्या न्यायाधिकरणाने मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक धरली. चीन सरकार ती तीन लाख मानते. नगर सोडून जाण्याची मुभा असताही काही परदेशी माणसे मागे राहिली होती. त्यांतील मिनी वॉट्रिन या अमेरिकन मिशनरी शिक्षिकेने आपल्या महाविद्यालयाच्या आवारात हजारो स्त्रियांस व मुलांस आसरा दिला. मागे राहिलेल्या अशाच लोकांच्या पत्रांतून, रोजनिशांतून व चित्रफितींतून हे वृत्त जगास कळले.

चीनमधील आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्येच पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून साहाय्य मागितले होते. घायाळ सैनिकांस डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, अशी तेथील दशा होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथील राष्ट्रसभेच्या अधिवेशनात चीनविषयी सहानुभूतीचा ठराव होऊन जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन झाले. त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून रोजी जाहीर पत्रक काढले आणि ७ ते ९ जुलै हे तीन दिवस देशभर चीन दिन व चीन निधी दिन म्हणून पाळले गेले. डॉक्टरांचे पथक व रुग्णवाहिका पाठविण्याच्या कामी जो निधी जमला तो २२,००० रुपयांचा होता.

येथे थोडे विषयांतर करू द्यावे. आमची फुलंब्री त्या काळी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात जाहीर सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. तो हुकूम ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने जुन्या मंडळींच्या चांगला स्मरणात राहिला. परक्या देशाचे दुःख तर राहोच, स्वतःच्या गावचे गाऱ्हाणे चारचौघांत मांडण्यासही अर्ज करावा लागत असे. ज्यास आज मैदानात उभे राहणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, त्याने आपल्या पणजोबांविषयी घरी जरूर चौकशी करावी. दुसरेही एक ध्यानात आणावे. आमच्या शाळेतील मुलांस परिचित असलेला अजिंठ्याचा रस्ता फुलंब्रीवरूनच जातो. इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएन-त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात आला होता, आणि डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेविले तो अजिंठ्याचाच, असे विद्वान मानतात. तेव्हा चीन आम्हांस अगदीच परका होता असे म्हणता येत नाही.

असो. पथकासाठी डॉक्टर हवेत ही हाक कोटणीसांच्या कानी पडली. ती हजारोंनी ऐकली असेल. टाळ्या वाजविल्या असतील, आणा-दोन आणे झोळीत टाकले असतील. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही, कारण ते आणे नसते तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने परीक्षेची पुस्तके बाजूस सारून आपले नाव नोंदविले. घरी विचारले तेव्हा वडिलांनी उत्तेजन दिले. मुलगा इतक्या दूर चालला म्हणून आई मात्र खिन्न झाली. त्यांच्या भगिनी मनोरमाबाई ही हकीकत पुढे सांगत असत.

पथकात पाच जण होते. स्पेनमधील यादवी युद्धात सेवा करून आलेले अलाहाबादचे डॉक्टर अटल हे प्रमुख, वयाने वडील असलेले नागपूरचे डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि कोटणीस. मुंबईस लोकवर्गणीतून उभारलेल्या जिना हॉलात सरोजिनी नायडूंच्या उपस्थितीत निरोपाची सभा झाली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ जहाजाने बंदर सोडले.

कँटन येथे मादाम सन यत्-सेन यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हँकौ, इचांग करीत, बाँबहल्ले चुकवीत, पथक चुंगकिंग येथे पोहोचले. तेथे शांतिनिकेतनातील चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावापुढे ‘हुआ’ हे अक्षर जोडून चिनी नावे दिली. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस तेव्हापासून ‘को दिहुआ’ झाले.

चुंगकिंगच्या मुक्कामातच सोलापूरहून वडील वारल्याची वार्ता आली. ज्या वडिलांनी जाण्यास उत्तेजन दिले ते गेले. घरी आई व धाकटी भावंडे. सोबत्यांनी परत जाण्याविषयी आग्रह केला. कोटणीस परतले नाहीत. पथकाबरोबर येनानच्या वाटेस लागले. हा निर्णय योग्य होता काय? आम्ही या जागी पुष्कळ वेळ थांबलो. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला आहे त्या घराचा मुलावर हक्क नाही, असे शिक्षक या नात्याने आम्ही कोणत्याही विद्यार्थ्यास सांगणार नाही. या चरित्राची किंमत केवळ कोटणीसांनी दिली नाही, सोलापूरच्या घरानेही दिली, इतके मात्र स्पष्ट दिसते. आणि चरित्रकार ती बहुधा दोन ओळींत आटोपतात.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे दाखल झाले. माओ त्से-तुंग यांनी भेट घेऊन स्वागत केले. पुढे प्रकृतीच्या कारणाने चोळकर व मुखर्जी आणि मागाहून अटल परतले. बसू व कोटणीस तेवढे राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, शत्रूच्या ठाण्यांमधून वाट काढीत, आज या खेड्यात तर उद्या त्या खेड्यात दवाखाना हलवावा लागे. शस्त्रक्रियेचे दालन म्हणजे शेतकऱ्याचे मातीचे घर. औषधांचा तुटवडा कायमचा. १९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी एके वेळी सलग बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले.

त्याच मुलखात त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यवैद्य राबला होता. शस्त्रक्रिया करीत असता बोट कापून विष भिनल्याने तो १२ नोव्हेंबर १९३९ रोजी मरण पावला. त्याच्या नावे चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकत्व जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तोवर चिनी भाषा त्यांस इतकी अवगत झाली होती की ते तीतूनच विद्यार्थ्यांस शिकवीत व शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तकही तीतच लिहीत. (दोन वर्षे शिकूनही इंग्रजी येत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

१९४१ मध्ये तेथील परिचारिका-शिक्षिका कुओ चिंगलान हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ सुचविले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. हे काही वाचकांस रुचेल, काहींस रुचणार नाही. चरित्र सांगताना गाळणे मात्र आम्हांस उचित वाटले नाही.

अपस्माराच्या झटक्यांनी त्यांस काही काळापासून ग्रासले होते. विश्रांती घ्यावी, उपचारासाठी बाहेर जावे, हा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात झटक्यांमागून झटके येऊन त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. बसू १९४३ मध्ये परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. आमच्यातील पुष्कळांच्या आजी-आजोबांस कोटणीस या बोलपटामुळेच ठाऊक झाले. यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. चिंगलानबाई अनेक वेळा भारतात येऊन सासरच्या मंडळींस भेटून गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरातील कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.

चीन व भारत यांच्यात १९६२ मध्ये युद्ध झाले आणि पुढेही तंटे झाले, हे विद्यार्थी जाणतात. तथापि शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यूनच्या समाधीच्या सोबतीने, कोटणीसांची समाधी आहे. वसंत ऋतूतील चिंगमिंग या पितरांच्या सणास तेथील लोक तिच्यावर फुले वाहतात. त्यांतील बहुतेकांनी सोलापूर पाहिलेले नाही.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता दहावीत गेला आहे. हा मजकूर छपाईस जाण्यापूर्वी आम्ही त्यास वाचावयास दिला. तो वाचून त्याने एवढेच विचारले की, बावीस हजार रुपयांत रुग्णवाहिकाही आली होती काय. आली होती.