लुडविग मिलियस-एरिक्सन : ग्रीनलँडच्या नकाशासाठी प्राणार्पण

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रीनलँडच्या ईशान्य किनाऱ्याचा मोठा भाग नकाशावर कोराच होता. तो भरून काढण्यासाठी निघालेल्या मोहिमेचे नेते, डॅनिश संशोधक लुडविग मिलियस-एरिक्सन यांना या कार्यासाठी प्राणांचे मोल द्यावे लागले.

१८७२ साली जन्मलेले मिलियस-एरिक्सन हे पत्रकार आणि लेखक होते. १९०२ ते १९०४ या काळात त्यांनी ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर इन्युइट लोकजीवनाचा अभ्यास केला. १९०६ साली ‘डॅनमार्क’ या जहाजातून ते ईशान्य किनाऱ्याकडे निघाले. खंडवहनाच्या सिद्धान्तामुळे पुढे विख्यात झालेले आल्फ्रेड वेगेनर हेही या मोहिमेत होते.

मार्च १९०७ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्या उत्तरेकडे निघाल्या. अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरी यांनी १८९२ साली केलेल्या निरीक्षणांवरून तेथे एक सामुद्रधुनी असून किनारा आग्नेयेकडे वळतो, असा समज रूढ झाला होता. प्रत्यक्षात भूमी पूर्वेकडे दूरवर पसरलेली निघाली. त्यामुळे अंतर वाढले आणि शिधा अपुरा पडू लागला. मे महिन्याच्या अखेरीस योहान पीटर कॉख यांची तुकडी परतीच्या वाटेवर भेटली. मात्र मिलियस-एरिक्सन, नकाशाकार होएग हागेन आणि ग्रीनलँडवासी यॉर्गेन ब्रॉनलुंड यांनी पश्चिमेची वाट धरली.

सामुद्रधुनी अस्तित्वातच नसल्याचे त्यांना आढळले. परंतु तोवर बर्फ वितळू लागल्याने परतीचा मार्ग बंद झाला. संपूर्ण उन्हाळा डॅनमार्क फ्योर्डच्या परिसरात काढावा लागला. शिकार पुरेना, कातडी बूट झिजले. हिवाळ्याच्या तोंडावर परत येताना नोव्हेंबरमध्ये आधी हागेन आणि नंतर मिलियस-एरिक्सन यांचा मृत्यू झाला. पाय हिमदंशाने निकामी झालेले ब्रॉनलुंड चंद्रप्रकाशात लॅम्बर्ट लँड येथील शिधासाठ्यापर्यंत पोहोचले. सहकाऱ्यांच्या अंताची नोंद रोजनिशीत करून त्यांनीही तेथेच देह ठेवला.

मार्च १९०८ मध्ये कॉख आणि टोबियास गॅब्रिएलसन यांना ब्रॉनलुंड यांचा मृतदेह, रोजनिशी आणि हागेन यांचे नकाशे सापडले. उर्वरित दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. मिलियस-एरिक्सन यांनी दगडांच्या राशीत ठेवलेला अहवाल एयनार मिकेलसन यांना १९१० साली मिळाला. क्नुड रासमुसेन यांच्या १९१२ सालच्या प्रवासाने त्यातील निष्कर्षाला पुष्टी दिली आणि पिअरी यांची सामुद्रधुनी नकाशावरून कायमची पुसली गेली. त्या प्रदेशातील एक विस्तीर्ण भूभाग आज मिलियस-एरिक्सन यांच्या नावाने ओळखला जातो.